कार्ड खिशात आहे, पण यादीत नाव आहे का?

मागच्या अंकात म्हटलं होतं की विधानसभेच्या मतदानाबद्दल काही अडत असेल तर लिहून पाठवा. इतके मेसेज आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत. मी शाळेत शिक्षिका, कितीतरी वर्षं बीएलओ म्हणून, म्हणजे आपापल्या भागाची मतदार यादी सांभाळणारी कर्मचारी म्हणून, घरोघरी फिरलेय आणि मतदानाच्या दिवशी बूथवर बोटाला शाई लावायलाही बसलेय, त्यामुळे इथे लिहितेय त्यातलं बरंचसं डोळ्यांनी बघितलेलं आहे.

प्रश्न : ताई, माझ्याकडे २००९ पासूनचं मतदान कार्ड आहे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला बूथवर गेलो तर यादीत नाव नाही म्हणाले. कार्ड दाखवलं, हुज्जत घातली, तरी मत देऊ दिलं नाही. सरकारनंच दिलेलं कार्ड चालत नाही म्हणजे काय?

काका, तुमचा राग अगदी खरा आहे, आणि सगळ्यात जास्त लोकांनी हेच विचारलंय. कार्ड म्हणजे तुमची ओळख, मत देण्याचा हक्क मिळतो तो यादीत नाव असल्यामुळे. यादीत नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, पेन्शनचं फोटो असलेलं कागदपत्र, यातलं काहीही दाखवून मत देता येतं. उलटं मात्र होत नाही, कार्ड आहे आणि यादीत नाव नाही तर बूथवरचा अधिकारी काहीच करू शकत नाही, त्याच्या हातात फक्त ती छापील यादी असते.

मला एक आजोबा अजून आठवतात. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी रुमालात, रुमाल कोपरीच्या खिशात. सगळं हळूहळू उलगडून त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. पहिल्या मतदान अधिकाऱ्यानं यादी दोनदा चाळली, पुरवणी यादी चाळली, नाव नाही. आजोबा काही बोलले नाहीत, परत तसंच रुमालात बांधायला लागले, मी बाजूच्या खुर्चीवर शाईची बाटली घेऊन बसलेली आणि मला काही करता येईना. नंतर कळलं की त्यांचं जुनं घर पडल्यावर ते दोन गल्ल्या पलीकडे मुलाकडे राहायला गेले होते, पडताळणीला गेलेल्या माणसाला जुन्या पत्त्यावर कोणी भेटलं नाही, आणि "स्थलांतरित" म्हणून नाव गेलं.

नावं जातात ती बहुतेक अशीच. घर बदललं, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, दोन ठिकाणी नाव निघालं म्हणून एक काढताना नको ते निघालं, कधी कोणीतरी फॉर्म ७ भरून आक्षेप घेतला. नाव काढण्याआधी नोटीस द्यायची असते, पण नोटीस जाते जुन्या पत्त्यावर, आणि तिथे तर तुम्ही नसता.

आता काय करायचं? आज, म्हणजे हा अंक खाली ठेवल्या ठेवल्या, नाव तपासा. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा ॲपवर कार्डावरचा दहा अक्षरी नंबर टाकला की समजतं, मोबाईल जमत नसेल तर १९५० वर फोन करा, नाहीतर तुमच्या भागाच्या बीएलओकडे जाऊन यादी बघायला मागा. नाव नसेल तर फॉर्म ६ नव्यानं भरायचा. आणि हे निवडणूक जाहीर झाल्यावर करायचं काम नाही! उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्यानंतर यादीत नाव घालता येत नाही, तसा कायदाच आहे, आणि त्याच्या आधी आक्षेपासाठी सात दिवस जावे लागतात. २०२४ ला बघा ना, निवडणूक जाहीर झाली १५ ऑक्टोबरला, मतदान २० नोव्हेंबरला, पण नाव नोंदवायचा अर्ज १९ ऑक्टोबरपर्यंतच द्यायचा होता. म्हणजे घोषणा ऐकून जागे झालेल्यांच्या हातात चार दिवस! लोक नोव्हेंबरात तहसीलला चकरा मारत होते, तोवर वेळ निघून गेली होती.

अर्ज फेटाळला तरी तिथेच थांबू नका. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, तिथेही नाही झालं तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

प्रश्न : मी बारावीत आहे, फेब्रुवारीत १८ पूर्ण होतील. बाबा म्हणतात आता पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागेल. खरं आहे का?

नाही गं, बाबा म्हणतात तो नियम जुना झाला. पूर्वी फक्त १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे. आता वर्षात चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. तुझे १८ फेब्रुवारीत पूर्ण होणार म्हणजे १ एप्रिलच्या तारखेला तू बसतेस. आणि १७ पूर्ण झाले असतील तर आगाऊ अर्ज आत्ताच देता येतो, तो जपून ठेवतात आणि तुझी तारीख आली की पुढे घेतात.

फॉर्म ६ भरायचा, ऑनलाइन नाहीतर बीएलओकडे कागदावर. पासपोर्ट साइज फोटो, जन्मतारखेचा पुरावा (जन्मदाखला किंवा दहावीची मार्कशीट चालते) आणि पत्त्याचा पुरावा, तो घरातल्या आईवडिलांच्या नावावरचं लाइटबिल असलं तरी चालतो. आधार नंबर नसला तर नाही म्हणून लिहिता येतं, त्यासाठी अर्ज अडवता येत नाही.

एक गोष्ट मात्र नीट बघ. ऑनलाइन भरताना तू इंग्रजीत नाव टाइप केलंस की मराठी नाव कॉम्प्युटर आपोआप उमटवतो आणि तिथे ळ चा ल होतो, ण चा न होतो, काळेचं काले होऊन बसतं. बहुतेक मुलं तिकडे न बघताच सबमिट करतात, मग कार्ड हातात आल्यावर परत फॉर्म ८ भरून दुरुस्ती करत बसावं लागतं. तो मराठीचा रकाना हातानं दुरुस्त करता येतो, तर तिथे दोन मिनिटं दे. सबमिट झाल्यावर जो रेफरन्स नंबर येतो तो वहीत लिहून ठेव. बीएलओ घरी पडताळणीला आल्या तर घरच्यांनी "ती क्लासला गेलीय" एवढंच सांगून दार लावू नये, आत बोलवून कागद दाखवावेत, म्हणजे काम तिथल्या तिथे होतं.

१९८९ पर्यंत मत द्यायला २१ पूर्ण असावे लागायचे. तुला तीन वर्षं आधी मिळतंय, वाया घालवू नकोस.

प्रश्न : लग्नाला सहा वर्षं झाली. नाव अजून माहेरच्या यादीत आहे, तिकडे मतदानाला जाणं होत नाही. सासरी नवीन फॉर्म भरू का? आडनाव पण बदललंय.

नवीन फॉर्म भरू नका! म्हणजे फॉर्म ६ भरू नका. तुम्हाला पाहिजे तो फॉर्म ८. पत्ता बदलला, दुसऱ्या मतदारसंघात गेलात, नावात दुरुस्ती, कार्ड हरवलं, ही सगळी कामं याच एका फॉर्मवर होतात. त्यातला राहण्याचं ठिकाण बदललं हा पर्याय निवडायचा, म्हणजे माहेरच्या यादीतलं नाव निघून सासरच्या यादीत येतं आणि कार्डाचा नंबर तोच राहतो. ते झालं की आडनावासाठी फॉर्म ८ परत भरा. माझा अनुभव असा की दोन्ही कामं एकाच वेळी रेटायला गेलं की घोळ होतो.

आणि आडनाव बदललंच पाहिजे असं अजिबात नाही बरं का. माहेरचं नाव ठेवायचं असेल तर ठेवा, यादीत वडिलांचं नाव लावायचं की नवऱ्याचं हेही तुमचं तुम्ही ठरवायचं.

हे इतकं सांगतेय कारण लग्न झालेल्या मुलींचीच नावं सगळ्यात जास्त लटकलेली मी बघितलीत. माहेरच्या यादीत नाव, तिथले लोक सांगतात "ती आता इथे नसते", म्हणून तिथून काढलं जातं, आणि सासरी कोणी फॉर्म भरलेला नसतो, म्हणजे बाई कुठेच नाही. सहा वर्षं म्हणजे तुमच्या हातून एक लोकसभा आणि एक विधानसभा तरी गेली. नवऱ्याला किंवा दिराला "भरून टाका" म्हणून सांगितलं असेल तर ते झालं का हे स्वतः विचारा, नाहीतर स्वतःच भरा, अवघड काही नाही त्यात.

प्रश्न : नोकरी पुण्यात, घर-शेती गावाकडं. ग्रामपंचायतीला गावात आणि आमदारकीला पुण्यात मत दिलं तर चालेल का? दोन्हीकडं नाव आहे.

नाही चालणार. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी, हा कायदा १९५० पासून आहे, आणि दुसरीकडे नाव नाही असं फॉर्मवर खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ग्रामपंचायत, झेडपी, महापालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि विधानसभा-लोकसभा भारत निवडणूक आयोग, त्यामुळे याद्यापण वेगळ्या असतील असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही, विधानसभेचीच यादी फोडून स्थानिक निवडणुकीची प्रभागवार यादी करतात.

गावात घर किंवा सातबारा आहे एवढ्यावर तिथले मतदार होता येत नाही, तुम्ही साधारणपणे राहता कुठे ते बघतात. बायको-मुलांसकट पुण्यात राहत असाल तर पुण्यात ठेवा आणि गावचं नाव काढायला फॉर्म ७ द्या. हॉस्टेलवर राहणाऱ्या पोरांना मात्र निवड आहे, हॉस्टेलच्या पत्त्यावर नोंदवा नाहीतर घरी, फक्त एकीकडेच.

प्रश्न : आम्ही बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीला जातो. दिवाळी झाली की टोळी कारखान्यावर, आणि मतदान नेमकं त्याच दिवसांत. गावात कोणीतरी म्हणालं की सहा महिने बाहेर राहता म्हणून तुमची नावं काढणार. खरंच काढतात का? तिकडूनच मत देता येत नाही का?

तुमचा मेसेज मी दोनतीनदा वाचला.

पहिलं नावाचं. कामासाठी तात्पुरतं बाहेर गेलं म्हणून गावातलं राहणं संपत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. ऊस संपला की तुम्ही घरी येता, घर तिथंच आहे, म्हणजे तुम्ही तिथलेच मतदार. कोणी आक्षेप घेतलाच तर तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाव काढायचं नसतं. पण अडचण कळतेय मला, नोटीस येणार गावात आणि तुम्ही फडात. म्हणून निघायच्या आधी बीएलओला भेटून सांगून ठेवा, अमुक घरातली एवढी माणसं, तोडीला चाललोय, परत येणार आहोत, आणि एक मोबाईल नंबर देऊन ठेवा. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनापण सांगून ठेवा की कोणी चौकशीला आलं तर "गेले" असं तोडून बोलू नका, "तोडीला गेलेत, येणार आहेत" असं म्हणा. हा एवढासा शब्दांचा फरक, पण पडताळणीच्या कागदावर तोच उतरतो, मी ते कागद भरलेत म्हणून सांगतेय.

दुसरं, तिकडून मत देण्याचं. सध्या नाही देता येत, आणि याचं मला फार वाईट वाटतं. पोस्टानं मत देण्याची सोय सैन्यातले लोक, निवडणुकीच्या ड्युटीवरचे कर्मचारी अशा ठरावीक लोकांनाच आहे. परगावी राहणाऱ्या मजुरांना तिथूनच मत देता यावं म्हणून आयोगानं एक वेगळं मशीन तयार करून जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना बोलवलं होतं, पण ते अजून वापरात आलेलं नाही. जी माणसं सगळ्यात जास्त हिंडतात त्यांनाच गावी येऊन मत द्या म्हणायचं, हे बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं आणि ते मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते.

तोवर यावं लागेल. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देणं मालकाला बंधनकारक आहे आणि ती रोजंदारीवरच्या माणसालाही लागू आहे. कोयत्यावर, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन काम असतं तिथे एक दिवसाच्या सुट्टीत प्रवास बसत नाही हेही मला माहितीय, म्हणून मुकादमाशी आधीच बोला, टोळीनं मिळून बोला. उमेदवाराच्या माणसानं गाडी पाठवतो म्हटलं तर मात्र त्यात बसू नका, मतदारांना अशी फुकट ने-आण करणं गुन्हा आहे.

प्रश्न : आजी ८८ वर्षांची आहे, जिना उतरवत नाही. घरी मतदान होतं म्हणतात, ते कसं?

८५ च्या वरच्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना ती सोय आहे. फॉर्म १२ डी, बीएलओ घरी आणून देतात, आणि निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत भरून द्यायचा, हे पाच दिवस चुकवू नका. मग ठरलेल्या दिवशी टीम घरी येते, मतपत्रिकेवर मत घेते आणि लिफाफा बंद करते. व्हिडिओ शूटिंग असतं, पण आजी कोणाला मत देते ते त्यात येत नाही. आजीनं खूण करताना घरातल्यांनी खोलीच्या बाहेर थांबावं. एकदा घरून मत द्यायचं ठरलं की मग बूथवर जाऊन देता येत नाही.

प्रश्न : बूथवर गेले तर माझ्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलेलं. मी रडत घरी आले. काय करायला पाहिजे होतं?

तुम्हाला तिथे कोणी सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं याचं वाईट वाटतं. अशा वेळी केंद्राध्यक्षांना सांगायचं, "मला टेंडर व्होट द्यायचंय", मराठीत प्रदत्त मत म्हणतात. तुम्ही खरोखर तुम्हीच आहात हे पटलं की मशीनवर नाही पण कागदी मतपत्रिकेवर शिक्का मारून मत देता येतं, तुमची सही घेतात आणि ती मतपत्रिका वेगळ्या लिफाफ्यात सील होते. खरं सांगायचं तर ही मतं मोजणीच्या दिवशी मोजत नाहीत, प्रकरण कोर्टात गेलं तरच त्यांचा उपयोग होतो. तरीसुद्धा द्याच, कारण दिलं नाही तर तुमच्या नावावर बोगस मत पडलं याचा कागदोपत्री काही मागमूसच राहत नाही.

यावर चांगला उपाय म्हणजे सकाळी लवकर जा. सात वाजता सुरू होतं.

प्रश्न : पहिल्यांदाच मत देणार आहे. आत नक्की काय काय होतं? चुकीचं बटण दाबलं गेलं तर?

घाबरू नकोस. पहिल्या टेबलावर तुझं ओळखपत्र बघून नाव मोठ्यानं वाचतात, तिथे बसलेले उमेदवारांचे प्रतिनिधी त्यांच्या यादीत खूण करतात. पुढच्या टेबलावर डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला शाई लावतात, नखावर आणि थोडी कातडीवर, मग रजिस्टरमध्ये सही करायची आणि चिठ्ठी घ्यायची. ती शाई सिल्व्हर नायट्रेटची असते, उजेडात काळी पडते, लगेच पुसायला जाऊ नकोस. चिठ्ठी तिसऱ्या अधिकाऱ्याकडे दिली की ते त्यांच्याकडचं बटण दाबून तुझ्यासाठी मशीन चालू करतात.

आता पुठ्ठ्याच्या आडोशामागे तू एकटीच. मशीनवर हिरवा दिवा लागलेला दिसेल. नाव, फोटो, चिन्ह नीट बघ, घाई करायची नाही, मागे रांग आहे म्हणून तर मुळीच नाही. निळं बटण दाबलं की त्या नावासमोर लाल दिवा लागतो, आणि बाजूच्या व्हीव्हीपॅटच्या काचेमागे एक कागदाची पट्टी येते, तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह. ती सात सेकंद दिसते आणि मग कापली जाऊन आत पडते, हातात मिळत नाही. बरेच जण बटण दाबून बीप ऐकून लगेच वळतात, ती पट्टी बघतच नाहीत. तू बघ. सात सेकंद तिथेच उभी राहा.

बटण एकदा दाबलं की मत झालं, परत देता येत नाही, म्हणून बोट ठेवण्याआधी चिन्हावरून निळ्या बटणापर्यंत नजर सरळ ने. पट्टीवर दुसऱ्याच कोणाचं नाव आलं असं खरंच दिसलं तर तिथल्या तिथे केंद्राध्यक्षांना सांग, लेखी घेऊन चाचणी मत टाकून बघतात, पण तक्रार खोटी निघाली तर गुन्हा होतो, त्यामुळे खात्री असेल तरच. मोबाईल आत नेता येत नाही, सेल्फी बाहेर आल्यावर.

प्रश्न : नोटाला ("वरीलपैकी कोणीच नाही" या बटणाला) सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक परत होते ना?

विधानसभेला नाही होत. उमेदवारांमध्ये ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७ हजारांहून जास्त मतं घेऊन दुसऱ्या नंबरवर होतं, निकालावर त्याचा परिणाम झाला नाही.

प्रश्न : माझी ड्युटी सहापर्यंत असते, मालक पाचलाच कसंबसं सोडतो. रांगेत असतानाच सहा वाजले तर परत पाठवतात का?

नाही पाठवत. (मालकाला पगारी सुट्टीचं वरच्या उत्तरातलं दाखवा आधी.) मतदानाची वेळ संपताना केंद्राध्यक्ष बाहेर येतात आणि रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना सही केलेल्या नंबरच्या चिठ्ठ्या वाटतात, आणि त्या वाटायला सुरुवात करतात शेपटाकडून, म्हणजे रांगेत सगळ्यात शेवटी जो उभा आहे त्याला एक नंबर, मग पुढच्याला दोन, असं करत दरवाज्यापर्यंत. याचं कारण असं की सहा वाजून गेल्यावर मागून येऊन कोणी रांगेत घुसू नये.

एकदा आमच्या बूथवर ती एक नंबरची चिठ्ठी एका बाईंना मिळाली होती, हाताला पीठ तसंच, धावत आलेल्या. मिनिटभर उशीर झाला असता तर गेट बंद झालं असतं. त्यांच्या पुढे साठसत्तर माणसं होती, आठ वाजून गेले, शाळेच्या आवारात एकच बल्ब, तरी त्या हलल्या नाहीत, मध्ये एकदा मुलगा बोलवायला आला तर त्याला म्हणाल्या, "भात टाक तू, मी येते." शेवटची शाई मी त्यांना लावली आणि मग मशीन बंद केलं.